चार ठिकाणी नको

टूमेरी, ७ मार्च २०२२

आदरणीय श्रीमती टॉलबट,

तुम्हाला तीनदा फोन केला, दोनदा ईमेल पाठवली. उत्तर आलं नाही, म्हणून शेवटी कागद-पेन हातात घेतलं. अक्षर वाईट आहे, माफ करा.

माझं नाव कोरिन हॅडो. सायकलवाटा बांधणं हा माझा धंदा. आयर्नबार्कच्या डोंगरावर बावीस किलोमीटरची वाट बांधायचं काम नगरपालिकेने मला दिलंय. डोंगरात तुम्हा मूळनिवासी लोकांची कातळावरची जुनी चित्रं आहेत आणि त्याबद्दल बोलायचं तर तुमच्याशीच, असं तिथल्या प्रत्येकाने सांगितलं. मला त्या चित्रांना धक्का लावायचा नाही, हे आधीच लिहून ठेवतो.

खरं सांगायचं तर मी या डोंगराच्या प्रेमात आहे. पूर्वेच्या अंगाला चार किलोमीटरचा सलग उतार आहे. एकदा ब्रेक सोडला की माणूस थेट ओढ्याशी पोचतो. अकरा वर्षं वाटा बांधतोय, असा उतार दुसरा पाहिला नाही. आमच्या सायकल क्लबने त्याला ‘हॅडोचा उतार’ असं नाव द्यायचंही ठरवलंय. माझी आई ते ऐकून दोन दिवस शेजारपाजारी सांगत हिंडत होती.

सोबत नकाशा आहे. चित्रं जिथे असतील तिथे कृपया पेनाने खुणा करून पाठवा. बाकीचं माझ्यावर सोडा.

आपला नम्र,
कोरिन हॅडो


मिशनचा रस्ता, टूमेरी, १९ मार्च २०२२

हॅडोसाहेब,

अनोळखी नंबर मी उचलत नाही. एकतर विमा विकणारे असतात, नाहीतर मला बक्षीस लागलेलं असतं. ईमेल माझी भाची केरीॲन बघते, आणि तिला तुमचा मजकूर ‘नगरपालिकेछाप’ वाटला म्हणून तिने उडवला. तिचं चुकलं असं मला वाटत नाही.

पण पत्र आलं, आणि पत्राला उत्तर द्यायचं अशी आमच्या घरची रीत आहे. यापुढेही कागदावरच लिहा. ईमेल मी चष्मा पुसेपर्यंत दहा जणांकडे पोचलेली असते. कागद एकच असतो, आणि तो माझ्या बिस्किटांच्या डब्यात राहतो.

नकाशा परत पाठवते आहे, कोराच. रागावू नका. ‘बाकीचं माझ्यावर सोडा’ म्हणणारी माणसं मी अठ्ठ्याहत्तर वर्षांत पुष्कळ पाहिली. त्यांच्यावर सोडलेलं बाकीचं नंतर कधी सापडलं नाही.

तुम्हाला बघायचंच असेल तर ९ एप्रिलला या. टोपी घाला, बूट चांगले घाला आणि कंडेन्स्ड मिल्कचा एक डबा आणा, त्याशिवाय माझा चहा होत नाही. कॅमेरा घरी ठेवा. आणि इथे सगळे मला मावशी म्हणतात, श्रीमती टॉलबट फक्त दवाखान्यात.

मर्लमावशी


टूमेरी, २४ एप्रिल २०२२

मर्लमावशी,

त्या दिवसाबद्दल आभार कसे मानू ते कळत नाही. तुमच्या तव्यावर भाजलेल्या जॉनीकेकची चव अजून तोंडात आहे. मी सहा खाल्ले, हे केरीॲनने मोजलं आणि तुम्हाला ऐकू जाईल अशा बेताने सांगितलं, तेही लक्षात आहे.

तुम्ही डोंगराच्या फाटकाशी थांबलात आणि मोठ्याने हाक मारलीत. मला वाटलं वर कोणी आहे. मग केरीॲन कानात म्हणाली, “जुन्या माणसांना, आमच्या गेलेल्या पूर्वजांना सांगतेय, कोण आलंय ते. टोपी काढ.” तुम्ही विराजुरीत, तुमच्या भाषेत बोलत होता, त्यात माझं नाव ऐकू आलं, माझ्या आईचंही. ओळख करून देताना तुम्ही माझ्याबद्दल काय सांगितलंत ते विचारायचं राहिलं. मला कुठे बघावं ते कळेना, म्हणून मी मुंग्यांकडे बघत उभा होतो.

आणि मग ती कपार. दगडावर तळवा ठेवून, भोवती तोंडाने गेरू फुंकून उमटवलेले अकरा हात. तुमचे भाऊ, वारल्यामुळे तुमच्या रीतीप्रमाणे ज्यांचं नाव आता तुम्ही घेत नाही, ते तिथे जायचे तेव्हा एका हातासमोर आपला तळवा धरायचे, दगडाला न लावता, मध्ये बोटभर अंतर ठेवून. तुम्ही ते करून दाखवलंत. आभार मानायचा तुमचा शब्द मी गाडीत पाठ करत आलो. मंदांग गुवू. केरीॲन हसेल, हसू दे.

आता आनंदाची बातमी. त्या कपारीभोवती दीडशे मीटरचा पट्टा मी राखीव ठेवला आहे. तिथे वाट नाही, चाकांची धूळ नाही, काही नाही. नकाशावर ठळक लाल वर्तुळ काढून ‘प्रवेश बंद, प्राचीन चित्रं’ असं लिहिलं, म्हणजे पुढे कोणी चुकूनसुद्धा तिथे मशीन नेणार नाही. नकाशा लोकांच्या सूचनांसाठी गावात ठिकठिकाणी लागतोय. उतारही आहे तसा राहिला. दोन्ही गोष्टी साधल्या म्हणून फार हलकं वाटतंय.

तुमचा,
कोरिन


मिशनचा रस्ता, १६ जून २०२२

कोरिन,

मी वाचनालयात पुस्तक बदलायला गेले होते. तिथली बाई मला हाताला धरून भिंतीकडे घेऊन गेली. “मर्लमावशी, बघा ना, तुमची चित्रं नकाशावर आली!” तिला खरोखर आनंद झाला होता. मी चष्मा लावला. ठळक लाल वर्तुळ, आणि आत काय आहे तेही वळणदार अक्षरात लिहिलेलं.

पोरा, तू चोराला घर दाखवलंस असं मी म्हणत नाही. आलेले लोक चोर नव्हते. महाराणीच्या वाढदिवसाची जोडून सुट्टी होती, सहा गाड्या फाटकाशी लागल्या होत्या. मुलंबाळं, डबे, सगळं. वर्तुळ बघून आलेली साधी माणसं. रंग फिकट दिसतो म्हणून कोणीतरी बाटलीतलं पाणी हातांवर उडवलं, फोटोत उठून दिसावेत म्हणून. आणि कोणीतरी एका हाताच्या कडेने खडू फिरवला.

कोणता हात ते तुला सांगायला नको.

केरीॲनने मला आत जाऊ दिलं नाही. नंतर गेले. माझा भाऊ चाळीस वर्षं तिथे जायचा, गांधीलमाश्यांची घरटी गवताच्या काडीने काढायचा. दगडाला बोट लागू नये म्हणून श्वास धरून ठेवायचा. आणि आता तिथे शाळेतला खडू.

तू वाईट हेतूने केलं नाहीस हे मला ठाऊक आहे. त्यामुळे राग काढायलाही जागा उरत नाही, आणि त्याचा जास्त त्रास होतो.

मर्ल


टूमेरी, २० जून २०२२

मर्लमावशी,

चूक माझी आहे. मशीनवाल्यांना दिसावं म्हणून खूण केली आणि सगळं गाव तोच नकाशा बघणार आहे हे माझ्या डोक्यात आलं नाही. नकाशे काढणं माझा धंदा आहे, तरी आलं नाही. सबब काहीच नाही.

तुमचं पत्र मिळाल्याच्या दिवशी वाचनालय, नगरपालिका, सायकलचं दुकान आणि बेकरी इथले नकाशे मी स्वतः काढून आणले. इंटरनेटवरचा उतरवून घेतला. ज्यांनी तो आधीच घरी नेला त्यांचं मी काही करू शकत नाही.

दगडावरची चित्रं जपणाऱ्या एका तज्ज्ञ बाई आहेत, त्यांना फोन केला. त्या म्हणाल्या, खडू कोणीही पुसू नका, पाणी तर मुळीच नको. तुमची परवानगी असेल तर त्या येतील आणि मऊ ब्रशने, कोरडाच, काही दिवस घेऊन काढतील. बराचसा निघेल म्हणाल्या, सगळा निघेल असं त्यांनी म्हटलं नाही. नंबर मागे लिहिला आहे. तुम्ही बोलावलंत तरच त्या येतील.

मी या कामातून बाजूला व्हावं असं तुम्हाला वाटत असेल तर एक ओळ लिहा. दुसऱ्या दिवशी राजीनामा देईन.

कोरिन


मिशनचा रस्ता, १५ ऑगस्ट २०२२

कोरिन,

दोन महिने लिहिलं नाही. वॅटलची झाडं फुलायला लागली, सगळा रस्ता पिवळा झाला, तरी माझं ठरत नव्हतं.

तज्ज्ञ बाई येऊन गेल्या. पाच दिवस कपारीत गुडघ्यांवर बसून होत्या. खडू गेला. अगदी जवळ गेलं की अंगठ्यापाशी एक पुसट पांढरी रेघ दिसते, ती राहणार. पाण्याने फार नुकसान केलं नाही म्हणाल्या. माझा जीव भांड्यात पडला. तिथेच बसून रडले, आणि मग सगळ्यांना चहा केला.

केरीॲनचं म्हणणं, तुला हाकलावं. पण फाटकासमोर राहणारा म्हातारा परवा सांगत होता, “तुमचा तो सायकलवाला दर रविवारी सकाळपासून फाटकाशी खुर्ची टाकून बसतो. बाहेर दंव पडलेलं असतं आणि हा थर्मास घेऊन आलेल्यांना परत पाठवतो. तुम्ही पगार देता काय त्याला?” मी म्हटलं, मला माहीतच नाही. तूही पत्रात लिहिलं नव्हतंस.

म्हणून आता एक गोष्ट सांगते. हे पत्र वाचून झालं की मला परत पाठव.

मी तुला दाखवली ती कपार आम्ही शाळेतल्या पोरांनाही दाखवतो. नवा माणूस आला की आधी तीच दाखवायची आणि तो काय करतो ते बघायचं, ही आमची जुनी पद्धत. तू वर्तुळ काढलंस. मग मी पुढचं काही दाखवलं नाही.

डोंगरात आणखी एक जागा आहे. तिथे काय आहे ते लिहिणार नाही. ती माझ्या आईने मला दाखवली, तिला तिच्या आत्याने. कोणत्याही सरकारी वहीत ती नाही, कारण वहीत गेलेल्या जागांचं काय होतं ते आम्ही पाहिलंय. आणि ती तुझ्या उताराच्या वाटेत येते.

सांगितलं तर जागा आणखी एका माणसाला ठाऊक होते. नाही सांगितलं तर तुझं मशीन तिथून जातं. या वयात मला असं कोड्यात घालू नये कोणी. काय करू सांग.

मर्लमावशी


टूमेरी, २१ ऑगस्ट २०२२

मर्लमावशी,

पत्र परत पाठवतो आहे. नक्कल केलेली नाही.

मला सांगू नका. खरंच नको. मला ठाऊक नसलेली गोष्ट मी नकाशावर काढू शकत नाही. चार दिवस एवढाच विचार करत होतो, आणि एक युक्ती सुचली आहे, बघा पटते का.

वाट ठरवताना आम्ही झाडांना गुलाबी फिती बांधत जातो. सगळ्या बावीस किलोमीटरला बांधून झाल्या आहेत. तुम्ही, मी आणि केरीॲन त्या फितींच्या रेषेवरून चालत जाऊ, रोज थोडं. जिथे तुम्हाला वाट नको असेल तिथे फक्त ‘नको’ म्हणा. कारण सांगू नका, कुठे बघूही नका. मी फिती सोडीन आणि वाट डोंगराच्या दुसऱ्या अंगाला नेईन.

पण एवढ्याने भागणार नाही. चांगला उतार सोडून वाट एकाच ठिकाणी वळसा घालते असं दिसलं, की लोक विचारणारच तिथे काय आहे म्हणून. मोकळी सोडलेली जागासुद्धा लाल वर्तुळच. हे मला जूनमध्ये कळायला हवं होतं. म्हणून एकदाच ‘नको’ म्हणू नका. खूप ठिकाणी म्हणा. खरं कोणतं ते मला कळता कामा नये.

उताराची काळजी करू नका. तो दुसऱ्या कुठल्यातरी डोंगरावर बांधीन.

कोरिन


टूमेरी, १२ डिसेंबर २०२२

मर्लमावशी,

सप्टेंबरातले आपले ते तीन दिवस झाल्यापासून लिहायचं होतं. मॅगपाय पक्षी आपल्या टाळक्यावर झेपावत होते आणि केरीॲन छत्री तलवारीसारखी फिरवत पुढे चालली होती, ते आठवलं की अजून हसू येतं. तुम्ही चार ठिकाणी ‘नको’ म्हणालात. चारही वेळा आवाज तोच, चेहरा तोच. मी तुमच्याशी पत्ते खेळायला कधीच बसणार नाही.

चारांतले तीन उतारावरच होते. मी फिती सोडल्या आणि नवी रेषा बांधली. परवा क्लबच्या बैठकीत नवा नकाशा मांडला. अध्यक्ष म्हणाले, “कोरिन, हे काय करून ठेवलंस? वेग आला की वळण, वेग आला की वळण. ही सायकलवाट आहे की आगगाडीचं शंटिंग?” एकजण म्हणाला, नकाशा काढताना मी प्यायलो असणार. दुसऱ्याने विचारलं, “पण कारण काय?” अहवालात जे लिहिलं तेच सांगितलं, की वाट बांधणाऱ्याच्या मर्जीने बदलली. आणि तेवढं तर खरंच आहे.

नगरपालिकेने मंजूर केलं. क्लबने उताराचं नाव मात्र रद्द केलं. आईला सांगितलं, ती म्हणाली, “काहीतरी असेलच तुझ्या मनात,” आणि पुढे विचारलं नाही. तिचेही आभार मानले पाहिजेत.

वाईट वाटलं का असं तुम्ही विचाराल. वाटलं. बैठकीतून घरी जाताना गाडी थोडा वेळ बाजूला घेऊन बसलो. पण मग लक्षात आलं, की जून महिन्यातल्या त्या प्रकारानंतरही तुम्ही माझ्याबरोबर तीन दिवस डोंगरात चाललात, एक गुडघा दुखत असताना. दुसऱ्या कोणी मला दारातही उभं केलं नसतं. अकरा वर्षं मी डोंगरांकडे फक्त उतार म्हणून बघत होतो. आता नव्या डोंगरावर गेलो की आधी टोपी काढतो आणि माझं नाव सांगतो. कामावरची पोरं हसतात. मला त्याचं काही वाटत नाही.

मंदांग गुवू, मावशी. उच्चार सुधारला असेल अशी आशा आहे.

कोरिन


मिशनचा रस्ता, २२ ऑक्टोबर २०२३

कोरिन पोरा,

उच्चार काही सुधारलेला नाही. वाटेच्या उद्घाटनाला तू माइकवर मंदांग गुवू म्हणालास तेव्हा केरीॲन रुमालात तोंड खुपसून हसत होती. पण ऐकणाऱ्यांना कळलं, आणि मलाही.

काल केरीॲनबरोबर वाटेवर गेले. एका वळणाशी ओंडका आहे, तिथे चटई टाकून दुपारभर बसले, सँडविच आणि थर्मास घेऊन. कोणत्या वळणाशी ते लिहिणार नाही. वरून पोरं येतात, चांगली जोरात, आणि वळण आलं की करकचून ब्रेक लावतात आणि तुझा उद्धार करतात. तुला ठाऊक आहे का, त्या उताराला आता सगळे ‘हॅडोचा घोळ’ म्हणतात? म्हणजे नाव पडलंच म्हणायचं तुझं. आईला सांग.

एक जाडा माणूस धापा टाकत आमच्यापाशी थांबला. म्हणाला, “आजी, ही वाट बांधणारा गाढव कोण आहे हो?” मी म्हटलं, “आमच्याच ओळखीतला आहे.” तो बिचारा ओशाळला. मी त्याला चहा दिला. तो कशाजवळ बसून चहा पीत होता, किंवा कशाजवळही नव्हता, हे त्याला ठाऊक नाही आणि तुलाही नाही. असंच राहू दे.

केरीॲन बोटांवर मोजत होती. चार वाजेपर्यंत सतरा जणांनी तुला शिव्या घातल्या. प्रत्येकाच्या मागे मी हळूच मंदांग गुवू म्हटलं. त्यांना नाही, तुला. रोज तू एवढं ऐकून घेतोस आणि गप्प राहतोस. माझ्या आईची जागा माझ्या डोळ्यांदेखत जाणार असं मला वाटलं होतं. ती आहे तशी आहे. आता केरीॲन तिच्या मुलीला नेईल. पोरा, याहून मोठं मला कोणी काही दिलेलं नाही, आणि हे मी तुला तोंडावर सांगू शकले नसते, म्हणून लिहिते आहे.

एक कबुली राहिली. चारांतला एक ‘नको’ गुडघ्याचा होता. पुढे मोठा चढ दिसत होता आणि मला चहा हवा होता. त्यासाठी तू अर्धा किलोमीटर वाट हलवलीस, माफ कर.

आणि तू दीड वर्षापूर्वी विचारलं होतंस, फाटकाशी मी तुझ्याबद्दल काय सांगितलं म्हणून. तुझ्या आईचं नाव घेऊन मी म्हटलं होतं, “हा कोरिन, तिचा मुलगा. कोण आहे ते मला अजून माहीत नाही. याच्यावर लक्ष ठेवा.”

काल उतरताना पुन्हा फाटकाशी थांबले. केरीॲनने टोपी काढली. मी तुझं नाव घेतलं, तुझ्या आईचं घेतलं, आणि जुन्या माणसांना म्हटलं, “हा कोण आहे ते मला कळलं. आपला आहे. याला सांभाळा.”

येशील तेव्हा कंडेन्स्ड मिल्क आण. डबा संपलाय.

तुझी,
मर्लमावशी